मुद्रितशोधकाचे बारा शब्द

विनायक ओतारी यांनी बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या. वाईतल्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते, आणि छापखाना बंद पडल्यावर घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. लग्नपत्रिका हातात आली की आधी लाल पेन शोधायचे, मुहूर्त नंतर बघायचे. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या कागदावर कुणीतरी 'रुग्णाची स्थिती स्थीर' असं लिहिलं होतं. अण्णांनी (घरीदारी सगळे त्यांना अण्णाच म्हणत) नर्सकडे पेन मागितलं, 'स्थीर'मधली वेलांटी ऱ्हस्व केली आणि कागद तिच्या हातात परत दिला. चौथ्या दिवशी ते गेले. तो कागद त्यांच्या मुलीकडे अजून आहे.

मुलीचं नाव त्यांनी ऋजुता ठेवलं. निम्मं गाव ते 'रुजुता' असं लिहायचं आणि अण्णा आयुष्यभर दुरुस्त करत राहिले.

ऋजुता पुण्याला एका माती परीक्षण प्रयोगशाळेत होती. वय त्रेचाळीस. अण्णा गेल्यापासून ती दर शनिवारी वाईला येत असे. सहा महिने झाले होते. कार्तिकातल्या अशाच एका शनिवारी सकाळी तिनं पायरीशी चपला काढल्या आणि आईनं पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी बातमी दिली.

"पिसाळ गिरणी विकतायत."

जगन्नाथ पिसाळांची पिठाची गिरणी ओतारींच्या घराच्या बरोबर खाली होती. पिसाळ ऐंशीला टेकले होते आणि मुलाकडे बारामतीला निघाले होते.

"मग आता दळण कुठे नेणार?"

"कुठे नाही. मी घेणार."

"काय घेणार?"

"गिरणी. ऐकू येत नाही का तुला?"

ऋजुतानं आईकडे नीट पाहिलं. सुलभा ओतारी सत्तर वर्षांच्या होत्या. गुडघे दुखत असल्यामुळे जिना एकेक पायरी थांबून उतरायच्या.

"आई, सत्तराव्या वर्षी कुणी गिरणी घेतं का?"

"पिसाळ ऐंशीपर्यंत चालवतात, म्हणजे माझ्याकडे दहा वर्षं आहेत. माणूस ठेवीन डबे उचलायला. दळायचं किती बारीक ते मी बघीन. त्यांना कधी कळलंच नाही ते." आईनं तांब्या पुढे केला. "पाचगणीचा एकजण मागतोय ती जागा. कॉफीचं दुकान काढणार म्हणे. महिनाअखेरपर्यंत पिसाळ माझ्यासाठी थांबतो म्हणालेत."

"आणि पैसे?"

"ते अण्णांचं आहे ना," आई म्हणाली, "तुमचं ते कॉइन."

ते कॉइन घरात आलं तेही मुद्रितांमुळेच. पंधरा वर्षांपूर्वी अण्णांकडे एक पुस्तक तपासायला आलं होतं, सामान्य माणसाला क्रिप्टो समजावून सांगणारं. पुस्तक छापून होईपर्यंत प्रकाशकाचं दिवाळं निघालं. लेखक तरुण होता, शरमिंदा होता. त्यानं मानधनाऐवजी पाव कॉइन देऊ केलं. अण्णा म्हणाले, "पाव आमच्याकडे बेकरीत मिळतो," पण नको म्हणाले नाहीत. लेखकानंच त्यांच्या फोनवर 'नाणेघाट' नावाचं ॲप टाकून दिलं. सगळा कारभार मराठीत, म्हणून अण्णा खूश. ॲपनं पडद्यावर बारा शब्द दाखवले, ते अण्णांनी डायरीत आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतले, आणि त्यानंतर ॲप त्यांच्या अंगठ्यावर उघडायला लागलं.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर एक प्रश्न ठरलेला असे. "ऋजू, विकू का?" ऋजुता त्या वेळी काय वाचलं असेल त्यावरून सांगायची. भाव चढता असला तर "आणखी चढेल, थांबा अण्णा." पडता असला तर "आत्ता विकलंत तर नुकसान, थांबा." पंधरा वर्षं ती थांबा म्हणत आली. गेल्या फाल्गुनात त्यांनी विचारलं तेव्हा आवाज थोडा वेगळा होता. "विकून टाकू म्हणतो. तुझ्या आईसाठी एक गोष्ट घ्यायची आहे." ऋजुता मीटिंगला निघाली होती. ती म्हणाली, "दर पडलाय अण्णा, दोन महिने थांबा."

दोन महिने त्यांच्यापाशी नव्हते. कुठली गोष्ट, हे तिनं विचारलं नव्हतं.

*

सलमा बागवान ऋजुताची शाळेतली मैत्रीण. गावातल्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि गेली दोन वर्षं, इच्छा असो-नसो, अख्ख्या तालुक्याची क्रिप्टो-सल्लागार झाली होती. पुढच्या शनिवारी ती आली, तेव्हा आई ओट्याशी ज्वारी निवडत होती.

"काकू, ऐकताय ना? नाहीतर परत सांगायला लावाल."

"सांग. मला दळणाच्या भाषेत सांग म्हणजे कळेल."

सलमा हसली, पण तिनं खरंच तसं सांगितलं.

"हे बघा. अण्णांचं कॉइन म्हणजे एका जगजाहीर वहीतली नोंद आहे. ती वही कुणीही वाचू शकतं. पण नोंद हलवायची, तर मालकाकडे एक गुप्त आकडा लागतो. तो आकडा म्हणजे तुमची ज्वारी. त्या ज्वारीचं पीठ केलं, की झाली जाहीर किल्ली. कॉइन विकताना हे पीठ सगळ्यांना दाखवावं लागतं, मी मालक आहे हे पटवायला. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची परत ज्वारी होत नाही. या एका गोष्टीवर सगळा व्यवहार उभा होता."

"होता?"

"होता. कारण क्वांटम संगणक आले. साधा संगणक एकेक दाणा घेऊन जुळवत बसतो, त्याला युगं लागतील. क्वांटम संगणक सगळ्या शक्यता एकमेकींवर लाटांसारख्या चढवतो. चुकीच्या शक्यता एकमेकींना खोडतात, बरोबर असलेली वर येते. थोडक्यात, त्याला पिठाची ज्वारी करता येते."

"मग आपलं गेलंच म्हणायचं," आई म्हणाली.

"नाही. अण्णांनी पंधरा वर्षांत एकदाही काही विकलं नाही, म्हणजे त्यांनी पीठ कुणाला दाखवलंच नाही. वहीत त्यांच्या नावापुढे आहे ती त्या पिठाची राख. राखेवरून अजून तरी कुणाला मागे जाता येत नाही. गप्प बसलेलं कॉइन सुरक्षित असतं. धोका आहे तो बोलण्याच्या क्षणी. विकायला काढलं, की पीठ उघडं पडतं आणि वहीत नवी नोंद पक्की व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत कुणी उलटं दळलं, तर तो मालक."

"आणि उलटं दळायला किती वेळ लागतो?" ऋजुतानं विचारलं.

"गेल्या वर्षी आठवडा लागायचा. या महिन्यात चाळीस मिनिटं, असं जाहीर झालंय."

"जाहीर न झालेलं?"

"ते कुणी सांगावं."

म्हणून सगळं जग गप्प बसलं होतं. कुणी विकत नव्हतं, त्यामुळे भाव चढत होता. भाव चढत होता, म्हणून आणखी कुणी विकत नव्हतं. आणि थांबलेल्या प्रत्येक महिन्यात विकण्याची ती दहा मिनिटं जास्त धोक्याची होत होती. ऋजुतानं आठवडाभर पुण्यात बसून मिळेल ते वाचलं होतं. 'आत्ता विकतो तो मूर्ख' असं एकजण सांगे आणि 'आत्ता विकत नाही तो मूर्ख' असं दुसरा, आणि दोघांचेही आलेख बरोबर दिसत. मातीचं बरं असतं, तिला वाटलं. नत्र कमी असेल, तर कमी आहे म्हणून सांगते.

"ते सगळं पुढचं," सलमा म्हणाली. "आधी पेटी उघडू, म्हणजे अण्णांचं ते ॲप. बारा शब्द आण. त्या शब्दांपासूनच गुप्त आकडा तयार होतो."

ऋजुतानं डायरी आणली. कीर्ती, डोंगर, उज्ज्वल, नांगर, आशीर्वाद, मीठ, तीर्थ, कमळ, परीक्षा, वीट, हळद, सूर्य. अण्णांचं अक्षर. तिनं एकेक शब्द वाचला, सलमानं अण्णांच्या जुन्या फोनवर टंकला.

'हे शब्द जुळत नाहीत.'

पुन्हा टंकले. जुळले नाहीत. सलमानं शब्दांचा क्रम उलट करून पाहिला, दोन ओळींत लिहिले आहेत म्हणून वरून खाली वाचून पाहिले. 'नाणेघाट'ची कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती, विचारायला कुणी नव्हतं.

"अण्णांनी एखादा शब्द चुकीचा उतरवला असेल," सलमा जपून म्हणाली.

ओट्याशी आईचा हात थांबला. "सलमा, दुसरं काहीही म्हण."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता आईबरोबर मंडईत निघाली. चौकात, भाजीवाल्यांच्या डोक्यावर, अण्णांचा फ्लेक्स अजून होता. उन्हानं त्यांचा चेहरा फिका पडला होता, अक्षरं मात्र ठळक होती : 'भावपूर्ण श्रध्दांजली'.

आई फ्लेक्सकडे न बघता पुढे गेली आणि मेथीवाल्याशी थांबली.

"काढायला सांगू का त्यांना?" ऋजुतानं विचारलं. "तुला त्रास होत असेल."

"फोटोचा त्रास नाही ग. ध ला द जोडलाय त्यांनी. द ला ध हवा. सहा महिने रोज बघते आणि लाज वाटते. यांच्याच फोटोखाली." आईनं मेथीची जुडी उलटीपालटी केली. "हे असते तर शिडी लावून चढले असते."

"फ्लेक्सवाल्यांच्या तयार मजकुरांच्या यादीतच चुकीचं असतं. सगळीकडे तेच छापतात," ऋजुता म्हणाली, आणि तिथेच थांबली.

मेथीवाला म्हणाला, "घ्यायची का ताई?"

"आई," ती म्हणाली, "अण्णांना पडद्यावर चुकीचा शब्द दिसला, तर ते डायरीत तसाच लिहितील?"

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "हात मोडला तरी नाही."

मेथी न घेताच दोघी परत फिरल्या.

सलमा अर्ध्या तासात आली. तिला पटायला एक मिनिट लागलं आणि मग ती डोक्याला हात लावून बसली. "म्हणजे ॲपच्या यादीत शब्द अशुद्ध होते, आणि अण्णांनी—"

"सुधारून उतरवले. त्यांना कळलंही नसेल. हात आपोआप."

"एक वेलांटी बदलली तर सगळा आकडा बदलतो, ऋजू. पंधरा वर्षं त्यांनी जगातली सगळ्यात शुद्ध आणि सगळ्यात निरुपयोगी किल्ली जपून ठेवली." मग तिनं डायरी ओढली. "चुकू शकतील असे शब्द किती? आठ. दोनशे छप्पन जोड्या. प्रोग्रॅम लिहिते, पाच मिनिटांचं काम आहे."

"थांब. एकदा मी करून बघते."

ऋजुतानं कोरा कागद घेतला. लहानपणी अण्णा तिला शेजारी बसवून कच्ची मुद्रितं वाचायला लावायचे. माणसं कुठे चुकतात, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. तिनं लिहिलं : किर्ती. पेन अडखळलं. उज्वल. आशिर्वाद. तिर्थ. परिक्षा. सुर्य. प्रत्येक शब्दाला मनात कुणीतरी 'अगं' म्हणत होतं. मिठ, विट, हेही तिनं चुकीचं लिहिलं.

'हे शब्द जुळत नाहीत.'

"इतकंही चुकत नाही ग कुणी," आई मागून म्हणाली. "मिठाच्या पुडीवर नेहमी बरोबर असतं. विटेचंही. भट्टीच्या पाटीवर बघ, दीर्घच असते."

ऋजुतानं मीठ आणि वीट पुन्हा दीर्घ केले. फोननं थोडा विचार केला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली : 'सुस्वागतम विनायक ओतारी.'

"सुस्वागतममध्ये एक 'सु' जास्त आहे," आई म्हणाली. "'स्वागतम्' म्हणायचं नुसतं." आणि पदरानं डोळे टिपले. सलमानं उगाच चार्जर गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

*

पेटी उघडली. तरी प्रश्न तिथेच होता, फक्त आता त्याला सबब उरली नव्हती.

सलमाचा सल्ला स्पष्ट होता. "नव्या कुलपाच्या पेट्या आल्यात, क्वांटमला न जुमानणाऱ्या. दहा मिनिटांचा धोका एकदा पत्करायचाच आहे, तर कॉइन तिथे हलव आणि ठेव. विकू नकोस. वर्षभरात दुप्पट होईल, असं मलाही वाटतं, आणि मला सहसा काही वाटत नाही."

"आणि गिरणी?"

"काकूंना दुसरी गिरणी घेता येईल. दोन घेता येतील."

सलमा लॅपटॉप आणायला घरी गेली. ऋजुता ओट्याशी आईशेजारी बसली आणि तिनंही ज्वारीचं ताट पुढे ओढलं. बराच वेळ ती खडे शोधत राहिली.

"आई, अण्णांना तुझ्यासाठी काहीतरी घ्यायचं होतं. फाल्गुनात म्हणाले होते. मी थांबा म्हटलं."

"कानातली कुडी. एक हरवली होती माझी. मला म्हणाले होते."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? मला नको होती. एक आहे ना." आईनं एक काळा खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "आणि तुझ्या थांबा म्हणण्यानं ते थांबले असं तुला वाटतंय का? दर सोमवारी मी त्यांना सांगायचे, विका आणि मोकळे व्हा. ते म्हणायचे, ऋजू थांब म्हणते."

"तुला पण विचारायचे?"

"मला कधीच विचारलं नाही. विचारायचे तुलाच. मी काय म्हणेन ते माहीत होतं त्यांना. ज्याला थांबायचं असतं ना ऋजू, तो थांब म्हणणाऱ्यालाच विचारतो. त्यांना विकायचं नव्हतं. त्यांना रविवारी विचारायला काहीतरी हवं होतं."

ऋजुताच्या हातातले दाणे तसेच राहिले. छातीत गेले सहा महिने काहीतरी घट्ट बसलेलं होतं. ते एकदम सुटलं असं झालं नाही, पण त्याच्याशेजारी थोडी जागा झाली.

"मग मी कुणाला विचारू?" ती म्हणाली.

"मला विचार की."

"तू विकच म्हणणार. तुला गिरणी हवी आहे."

"म्हणणारच. मला आत्ता हवी आहे. दोन गिरण्या घेऊन मी काय करू, एका वेळी दोन्हीकडे बसू? आणि वर्षानं माझे गुडघे काय म्हणतील, ते तुझ्या आलेखात आहे का?"

ऋजुता हसली. अण्णा गेल्यापासून ती या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसली असेल. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सलमा घरी गेल्यावर ती उठून बाहेर जाऊ शकली असती, आलेख पुन्हा चाळू शकली असती. ती येऊन आईशेजारी बसली होती. विक म्हणणाऱ्या माणसालाच विचारायला.

*

दुपारी बाराच्या सुमाराला सलमानं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. परवाना असलेल्या एका एक्स्चेंजवर दर पक्का करून घेतला. ऋजुताचा निर्णय ऐकून तिनं एकदाच विचारलं, "भाव उद्या चढला तर मला शिव्या देणार नाहीस ना?"

"देईन. पण विकलंच असतं."

"मग दाब."

ऋजुतानं बारा शब्द पुन्हा लिहिले, सहा चुकांसकट, या वेळी न अडखळता. बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. 'नोंदीची वाट पाहत आहे.'

अण्णांचं पीठ आता जगापुढे उघडं होतं. कुठल्यातरी थंडगार तळघरात, उणे दोनशे सत्तर अंशांत, कुणाचं तरी यंत्र या क्षणी त्यावर लाटा चढवत असेल, नसेल.

"किती झाले?" आईनं विचारलं.

"एक मिनिट, काकू."

"असं दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं?"

"करण्यासारखं काहीच नाही त्यात."

"मग मी कशाला बसू? पिसाळ जेवायला जायच्या आत मला पट्टा बघायचा आहे. परवा म्हणत होते, नवा घातलाय. त्यांचं नवं म्हणजे केव्हाचं, ते हात लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही." आईनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि निघाली. जिन्यावर एकेक पायरी थांबत उतरल्याचा आवाज आला. मग खाली पिसाळांचं खोकणं, आईचं काहीतरी विचारणं, पिसाळांचं नाही म्हणणं, आईचं पुन्हा विचारणं.

सहा मिनिटं झाली. सात. सलमा नखं कुरतडत होती. विद्यार्थ्यांना ती याच सवयीवरून ओरडायची.

"भीती वाटत नाही तुला?" तिनं विचारलं.

"वाटतेय," ऋजुता म्हणाली. "पण गेलं तर काय गेलं, हे मला माहीत आहे. एक गिरणी. ठेवलं असतं, तर काय ठेवलंय तेच कळलं नसतं."

नऊ. दहा. गोल फिरतच होता. "कधीकधी बारा-तेरा लागतात," सलमा म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

अकराव्या मिनिटाला खालून खटका पडल्याचा आवाज आला, मोटर घरघरली, पट्टा एकदा सुटला, एकदा धरला, आणि मग चक्की एका लयीत फिरायला लागली. टेबलावरचे चहाचे कप बशीत किणकिणले.

"ऋजे," जिन्याच्या तळातून हाक आली, "ओट्यावरची ज्वारी घेऊन ये खाली. निवडलेली. जाडं दळून बघते, थालीपिठाचं."

"आई, इथे अजून—"

"चक्की रिकामी फिरवू नये. दगडाला दगड लागतो. ये लवकर."

ऋजुतानं ताटातली ज्वारी डब्यात ओतली, झाकण लावलं, डबा कमरेवर घेतला. ती जिन्याच्या मधल्या वळणावर होती, तेव्हा वरून सलमा म्हणाली, "झालं. ऋजू, नोंद झाली. विकलं गेलं."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची पायरी उतरली.